वायरमनमामांच्या तीन विटा

१८ मे. उद्या सकाळी आमच्या गल्लीत नालीसाठी जेसीबी येणार आहे. म्हणून आज दुकान नवऱ्याच्या हवाली केलं आणि उन्हं चढायच्या आत वायरमनमामांच्या बंद घरापुढे, कुंपणाच्या कडेला जाऊन बसले. हातात खुरपं, शेजारी पाण्याची बादली आणि समोर जमिनीत अर्ध्या रुतलेल्या तीन विटा. दुसरं काही नाही. मे महिन्यात आमच्या काळ्या मातीत भेगांखेरीज काही दिसतही नाही. कालपासून तीनदा पाणी ओतून एवढीच जागा मऊ करून ठेवली होती. सायकलवरून जाणाऱ्या एकानं पाय टेकवून विचारलं, "बाई, काय हरवलं का?"

"हरवू नये म्हणून बसलेय," मी म्हणाले. तो गेला.

त्या विटांच्या मधोमध कळलावीचे कंद आहेत. कळलावी म्हणजे पावसाळ्यात बांधाला, काटेरी कुंपणात येणारी ती वेल, जिची फुलं पेटलेल्या चुलीसारखी दिसतात: आधी हिरवट पिवळी, मग पिवळ्यावर लाल, शेवटी नुसती लाल, पाकळ्या वर वळलेल्या. दिसायला अशी आणि मुळापासून बीपर्यंत विषारी. शिवाय ती दारात असली की घरात भांडणं लागतात असं आमच्याकडे पक्कं समजतात. अशी वेल एका माणसानं दारात लावली, सगळ्या गल्लीच्या छातीवर सात पावसाळे फुलवली आणि गेला. नाली बरोबर तिथून जाणार आहे.

मामा विजेच्या खात्यात वायरमन होते. तीस-बत्तीस वर्षं खांबांकडे बघून त्यांची मान जी मागे कलली ती पुन्हा सरळ झाली नाही. समोर उभे राहून बोलायला लागले की ते तुमच्या डोक्याच्या हातभर वर बघत. मी लग्न होऊन ताडकळसला आले, तेव्हा पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या मागे भिंतीवर पाल आहे. मी दोनदा वळून बघितलं. नव्या माणसाला वाटे, या गड्याला फार ताठा. ताठा होताच, पण मानेचा त्याच्याशी संबंध नव्हता.

कुठल्याही गोष्टीला त्यांचा पहिला शब्द "न्हाई" असे. "मामा, चहा घेता का?" "न्हाई." मग आमच्या दुकानातल्या बाकावर बसत आणि चहा घेत. मी एकदा विचारलं, नाही म्हणता आणि घेता, हे काय? तर म्हणाले, "न्हाई म्हणून ठेवावं. इचार करायला येळ मिळतो." नोकरीत मात्र त्यांच्या न्हाईचं हो कधी झालं नाही. तारेवर आकडा टाकून मोटार चालवणाऱ्या एका मोठ्या शेतकऱ्याचा आकडा त्यांनी भर दुपारी काढला, तेव्हा त्यानं बदलीची धमकी दिली. मामा खांबावरूनच म्हणाले, "करा की बदली. खांब तिथं बी हायेत." हे वाक्य पुढे कितीतरी दिवस आमच्या बाजारात चालत होतं. नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा लोक ते वापरायचे.

कळलावी त्यांना त्याच नोकरीत भेटली. गावाबाहेर पूर्णेकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बांधावर खांब होता. खांब पडू नये म्हणून जमिनीत गाडलेली जाड तिरपी तार असते, तिला ताण म्हणतात. त्या ताणाला दर पावसाळ्यात ही वेल चढायची. खांबावर, ताणावर वेल वाढू द्यायची नाही असा नियम. मामा नियमानं सगळीकडच्या वेली ओढून काढायचे आणि एवढी सोडायचे. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वर्षी साहेबांची गाडी त्या रस्त्यानं गेली आणि मामांकडून लेखी खुलासा मागवला गेला.

तो खुलासा मामांना शेवटपर्यंत पाठ होता. दुकानात बसले की एकदा तरी म्हणून दाखवायचे, बरोबर सरकारी आवाजात: "सदर वेल विषारी असून विषारी वेल काढण्याचे साधन खात्याकडून पुरविलेले नाही. सबब हात लावला नाही." साहेबांनी फोनवर विचारलं, उद्या ती तारेपर्यंत गेली तर? मामा म्हणाले, "साहेब, ती पाच-सहा फुटावर थांबती. तार पंचवीस फुटावर हाय. तिला वर जायचंच न्हाई." पुढे साहेब बदलून गेले. वेल होती तिथंच राहिली.

आता माझा संबंध कसा आला ते सांगते. आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खत, कीटकनाशक आणि तणनाशक. शेवटच्या गोष्टीला आता सगळ्यात जास्त गिऱ्हाईक, कारण निंदायला माणूस मिळत नाही. मला त्यात काही लाजण्यासारखं वाटत नाही. ज्याच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर गवत माजतं त्यानं काय करावं?

मामा निवृत्त झाले त्याच वर्षी, श्रावणात, ते भर गर्दीच्या वेळी दुकानात आले आणि काउंटरवर त्यांनी एक जळकी वेल ठेवली. पानं करपून काळी, फुलं लोळागोळा. त्या बांधाच्या मालकानं पीक फवारता फवारता बांधही फवारून काढला होता.

"हे बगा तुमचं काम," मामा माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत म्हणाले.

"मामा, मी डबा विकलाय. फवारा माझ्या पाठीवर नव्हता."

"इकताना इचारता का, कुठं मारायचंय म्हणून?"

"तुम्ही मीटर बसवताना विचारत होतात का, लाईट कशाला पाहिजे म्हणून?"

गिऱ्हाईकं हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी वेल उचलली आणि तिची गळालेली पानं काउंटरवरून एकेक वेचायला लागले. मी बिलांची वही काढली, त्या मालकानं कोणता डबा नेला ते बघितलं. ते औषध वरचं हिरवं जाळणारं होतं, मुळात उतरणारं नव्हतं.

"मामा, ही वरून जळलीय. खाली कंद जिवंत असणार. आत्ता उकरू नका, चांगलं वाळू द्या. दिवाळीनंतर काढा."

"न्हाई," मामा म्हणाले आणि बाकावर बसले. दिवाळी झाल्यावर त्यांनी कंद काढून आणला. बांधावर ती एकच वेल उरली होती, म्हणजे कंदही एकच. दोन फाट्यांचा, लहान पोराच्या खेळण्यातल्या नांगरासारखा.

पहिल्या वर्षी मामांनी तो जवळजवळ मारलाच. आमच्याकडे झाडावर जीव जडला की माणूस त्याला तुळशीसारखं रोज तांब्याभर पाणी घालतो. मामांनीही घातलं. कळलावी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जमिनीखाली झोपलेली असते, तिला तेव्हा पाणी म्हणजे मरण. फेब्रुवारीत वास यायला लागला म्हणून उकरलं, तर एक फाटा सडून गेलेला. दुसरा फाटा बोटाएवढा. त्या दिवशी ते दुकानात येऊन म्हणाले, "उन्हाळाभर हिच्यासाठी काय न्हाई करायचं, हे लय अवघड काम हाय बगा."

त्यानंतर त्यांनी तीन विटा रोवल्या. वेल वाळून नाहीशी झाली की जागा समजावी, कुणाचा पाय पडू नये, पाणी पडू नये. बोटाएवढा फाटा त्यांनी आडवा निजवला, वर चार बोटं माती, मातीत वाळू आणि वाळला पालापाचोळा. फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. तो मोडला की तो फाटा गेला, म्हणून ते कंद हातात घेताना श्वास धरायचे. वेलीला चढायला त्यांनी बांबू लावला नाही. खात्याच्या भंगारातला ताणाचा तुकडा आणून जमिनीत तिरपा गाडला. "हिला ताणाची सवय हाय," म्हणाले. वेलीची पानं टोकाला दोऱ्यासारखी होतात आणि मिळेल ते धरून चढतात. त्या गंजक्या तारेला ती अशी धरून बसली, की जणू रोजच्या बसचा दांडा धरलाय.

विषारी म्हणून मामा तिला हात लावताना खात्याचे जाडे रबरी हातमोजे घालायचे, कोपरापर्यंतचे. आणि कुंपणावर त्यांनी लावली पत्र्याची लाल पाटी: कवटी, दोन हाडं, "धोका, ११००० व्होल्ट". पडलेल्या खांबावरची होती. दारात पेटल्यासारखी फुललेली वेल, तिच्यावर कवटी आणि शेजारी हातमोजे घातलेला, आभाळाकडे बघणारा म्हातारा. गावात आलेला पाहुणा त्या घरापुढे एकदा तरी थांबायचाच.

गल्लीला हे मानवणार नव्हतंच. चार जण समजवायला गेले. घरात भांडणं लागतील, म्हणाले. मामा काही बोलायच्या आत मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आतून ओट्यावर येऊन सांगितलं, "आमच्या घरात भांडणाला झाडाची गरज न्हाई. तीस वर्षं आमी बिगर झाडाचं भांडायलाव." लोक परत आले. मामींना ती वेल आवडत होती असं नाही. पण आपल्या दारात काय असावं हे शेजाऱ्यांनी ठरवू नये एवढ्या एका गोष्टीवर त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, असं मामाच सांगायचे.

ऐकलं नाही ते फक्त शेजारच्या तात्यांनी. त्यांच्या आणि मामांच्या अंगणात एक कुंपण. त्याच पावसाळ्यात तात्यांची सून रुसून वालूरला माहेरी गेली. का गेली हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तात्यांच्या तोंडाचा पट्टा दोन घरं सोडून आम्हालाही ऐकू यायचा. पण तात्यांनी दोष वेलीवर टाकला. एका सकाळी मामा पेन्शनच्या कागदासाठी परभणीला गेले होते, तेव्हा तात्यांनी विळा घेतला आणि वेल बुडापासून छाटली. ऐन फुलावर होती.

दुपारच्या गाडीनं मामा आले. ओट्याओट्यावर माणसं बसलेली. कळलावीनं भांडण लागतं का नाही याची परीक्षाच होती म्हणा ना. मीही शटर अर्धं ओढून आले होते, खोटं कशाला बोलू. मामांनी छाटलेली वेल बघितली. कुंपणापलीकडे तात्या विळा घेऊनच उभे होते. मामांनी हातमोजे घातले, वेल गोळा केली, शेळ्यांच्या तोंडी लागू नये म्हणून खड्डा करून पुरली. मग पाटीकडे गेले, तिची तार सोडली आणि कवटीचं तोंड तात्यांच्या घराकडे करून पुन्हा बांधली.

"तात्या," ते म्हणाले, "कापलं तर कापलं. माल खाली हाय."

एवढंच. भांडण बघायला आलेली गल्ली नाराज होऊन घरी गेली. पुढच्या जूनमध्ये विटांमधून एकाऐवजी दोन कोंब आले. त्या वर्षी श्रावणात वेलीवर मोजता येणार नाहीत इतकी फुलं होती आणि त्याच आठवड्यात तात्यांची सून बॅग घेऊन रिक्षातून उतरली. मामा कुंपणाशी गेले. "तात्या, सून आली. वेल फुलावर हाय. आता बोला." तात्या पाठ फिरवून आत गेले. सुनेनं मात्र पदर तोंडाला लावून हसू दाबलं, ते मी बघितलं.

मामा नुसते भित्र्यांनाच नाही म्हणायचे असं नव्हतं. एकदा एक म्हातारा नातीच्या बाळंतपणासाठी मुळी मागायला आला. पूर्वी सुईणी अडलेल्या बाईला ती लावायच्या, कधी उगाळून द्यायच्याही, आणि त्यात बायका गेल्याही आहेत. म्हातारा पाया पडायला लागला. मामा पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलले. त्यासाठी त्यांना मान केवढी खाली ओढावी लागली! "बाबा, ही बगायला हाय, वापरायला न्हाई. पोरगी कुठं हाय? आदी ते सांगा." म्हाताऱ्यानं पत्ता सांगितला, मामांनी तिथूनच दवाखान्याच्या गाडीला फोन लावला आणि गाडी निघाली म्हटल्याशिवाय त्याला जाऊ दिलं नाही. दोन महिन्यांनी तो पेढे घेऊन आला. मामांनी सवयीनं न्हाई म्हटलं आणि दोन खाल्ले.

माझ्याकडे ते दर जूनला यायचे. बाकावर बसून वर पंख्याला विचारायचे, "दुकानवाल्या बाई, अवंदा काय काय मारायचं ठरवलंय?" पहिली दोन वर्षं मी वाद घातला. तिसऱ्या वर्षी चिडून गिऱ्हाईकाला विचारलं, "कुठं मारणार? पिकात का बांधावर?" तो म्हणाला, दोन्हीकडं. मी म्हणाले, "बांध सोडा. बांधावर काय पेरलंय तुम्ही?" तो म्हणाला, "बाई, दुकान तुमचं हाय का वायरमनचं?" बाकावरून मामा म्हणाले, "माझं न्हाई. मी चहाला आलोय." तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते. काही ऐकतात, पुष्कळसे ऐकत नाहीत, दोन-चार दुसऱ्या दुकानी जातात. जाऊ देत.

मामा मार्गशीर्षात गेले. झोपेत, त्रास न होता. माणसं जमली तेव्हा अंगणात कळलावी नव्हती. तीन विटा होत्या, वाकडी तार होती आणि पाटी. अंगणात गर्दी झाली, तसं मामींनी रडता रडताच ओरडून सांगितलं, "इटांकडं पाय नका देऊ!" दोन महिन्यांनी मुलानं त्यांना पुण्याला नेलं. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या हातात ते रबरी हातमोजे दिले. "ध्यान ठेव. उन्हाळ्यात पाणी घालू नको, एवढंच कर." काही न करण्याचं काम मला जमण्यासारखं होतं. दोन पावसाळे वेल बंद घरापुढे एकटीच फुलली. मी जाता-येता बघत होते, एवढंच.

मग ही नाली निघाली. मी पंचायतीत गेले. म्हटलं, तेवढ्या जागी दोन हात सरकवून घ्या. ठेकेदाराचा माणूस हसला. "तीन इटांसाठी नाली वाकडी करू का?"

"पुढच्या वळणाला एका ओट्यासाठी केलीय ना? तो तर अतिक्रमणात आहे. या विटा घराच्या हद्दीत आहेत."

"बाई, तिथं हाय तरी काय? काय दिसंना गेलंय."

"ऑगस्टात या, दाखवते."

मामींना फोन केला. त्या पलीकडून म्हणाल्या, "कुणाच्या पाया पडू नको. काढ आन् ने. पर लपवून लावू नको." हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

तर आज सकाळी हातमोजे घालून मी खुरप्यानं एकेक बोट माती काढत होते. तीन कंद मिळाले, दोन फाट्यांचे, चांगले जाड. एकाचं टोक माझ्या हातून मोडलं. मी खुरपं बाजूला ठेवून पाणी प्यायले, स्वतःला चार शब्द सुनावले आणि पुन्हा लागले. कळलावीचा जुना कंद दर वर्षी मरतो आणि नवा त्याच्या पुढे सरकून धरतो. नऊ वर्षांत ती चालत चालत कुठे गेली असेल याचा विचार मी केला नव्हता. माती दाखवत होती, की मुख्य कंद कुंपणाखालून तात्यांच्या अंगणात गेलाय.

मी उठून उभी राहिले, तर कुंपणापलीकडे तात्या होतेच. आता पुष्कळ थकलेत. हातात काठी. बहुतेक मघापासून बघत असावेत.

"तात्या, एक कंद तुमच्या बाजूला आलाय. काढून नेऊ का?"

"मालूम हाय." त्यांनी काठीनं जागा दाखवली, कुंपणापासून वीतभर आत. "दोन साल झाले, हितं बी उगवतीय."

"मग तोडली नाहीत?"

तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तोडून काय उपेग? परत येती. कटाळलो मी." मग म्हणाले, "वायरमन असता तर तोडली बी असती. आता कुनाला दावायला तोडू?"

मी कुंपणातून आत गेले. तात्या माझ्या डोक्यावर उभे राहून सांगत होते, "हळू. आडवा असतो तो. टोकाला जप, टोक मोडंल." हे त्यांना कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. सात वर्षं कुंपणापलीकडून रोज ऐकत होते, दुसरं काय. कंद निघाला तो माझ्या पंजाएवढा, दोन्ही टोकं शाबूत. तात्यांनी तो डोळे बारीक करून बघितला.

"न्या. माझ्या दारात नकोच. पर बाई, दुकानापुढं लावू नका, सांगून ठेवतो. गिऱ्हाईक पळंल."

"पळू द्या," मी म्हणाले.

कंद पोत्यावर सावलीत ठेवले, ताणाची तार उपटली, पाटी सोडली. पाटीचं तोंड इतकी वर्षं तात्यांकडेच होतं. त्यामुळे त्या बाजूचा लाल रंग उडालाय, पण कवटी दिसते. घरी नेलं तेव्हा नवरा म्हणाला, "मागच्या अंगणात लाव ना, कुणाला कशाला दिसायला पाहिजे?" मी म्हणाले, न्हाई. आणि चहा ठेवला.

१९ मे. जेसीबी साडेसातला आला. तीन विटा मी आधीच घमेल्यात घालून आणल्या होत्या. त्यानं तिथली माती एका घासात उचलली. मी बघायला थांबले नाही. दुकानाच्या दाराशी, रस्त्याच्या बाजूला, तणनाशकाच्या कंपनीचा मोठा फलक उभा होता. तो काढून आत फळीमागे टाकला. फलकाखालची माती गुडघाभर खोल उकरली, वाळू आणि पालापाचोळा मिसळला, चारही कंद आडवे निजवले, मोडक्या टोकाचासुद्धा, कारण त्याचा दुसरा फाटा धड आहे. वर चार बोटं माती. तार तिरपी गाडली. तीन विटा रोवल्या. फलक काढल्यावर भिंतीत उरलेल्या खिळ्यावर मामांची पाटी लावली, कवटीचं तोंड रस्त्याकडे.

पाणी घातलं नाही. हातमोजे धुतले, हात धुतले आणि शटर वर केलं. पहिलं गिऱ्हाईक पाटी वाचत उभंच होतं.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"तणनाशक."

"कुठं मारणार?"